हिरव्या बत्तीला वास येतो

जीवन नाखवा कोणतीही बाटली उघडण्याआधी कानाशी धरून हलवायचा. मग सील तुटतानाचा आवाज ऐकायचा, मग झाकण हुंगायचा, आणि एवढं करूनही बाटलीकडे असा बघायचा, की तिनं त्याच्यापासून काहीतरी लपवून ठेवलंय. माथेरान रोडवर, सुकापूरच्या अलीकडे, ‘हॉटेल रानजाई’ आहे. तिथला बार तो सांभाळत होता. दारूच्या कपाटाची चावी त्याच्या कमरेला असायची. आंघोळीला जातानाही तो ती सोबत नेतो, असं वेटर लोक म्हणायचे. ते खोटं नव्हतं. न्हाणीघरात चावी साबणाच्या डबीत राहायची.

हा संशय काही त्याच्या रक्तातला नव्हे. बाप काशिराम नाखवा करंज्याच्या बंदरावर होडी उघडी टाकून घरी येणारा माणूस होता. पण जीवनला बोट लागायची. कोळ्याचा पोरगा होडीच्या कडेला वाकून ओकतोय हे बघून सगळं बंदर हसायचं. शेवटी बापच म्हणाला, “तू बाबा जमिनीवरचं काम बघ.” म्हणून तो पनवेलला आला आणि एका बारमध्ये लागला. तिथं व्हिस्कीत पाणी मिसळलं जात होतं. मिसळणारा मालकाचा मेव्हणा होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण भर दुपारी सगळ्यांसमोर हाकलला गेला तो जीवन. त्या दिवसापासून त्यानं ठरवलं, की आपल्या काउंटरवर जे येईल त्याच्याकडे आधी चोर म्हणूनच बघायचं.

दुसरा घाव नवीन पनवेलमधल्या एका सोसायटीतला. भाड्यानं खोली घेतली, आईनं दिलेले सुके बोंबील एकदा तव्यावर भाजले, आणि संध्याकाळी सेक्रेटरी दारात. “वास येतो हो. लोक तक्रार करतायत.” महिना संपायच्या आत त्याला सामान उचलावं लागलं. तेव्हापासून तो सुकापुरात एका चाळीतल्या खोलीत राहत होता, आणि ‘वास’ हा शब्द कुणाच्याही तोंडून आला, की त्याची मान ताठ व्हायची.

तर अशा या माणसाच्या हातून ‘हिरवी बत्ती’ जन्माला आली.

झालं असं, की दारूच्या एजंटनं एकदा ऑर्डरसोबत एक बाटली फुकट ठेवली. आत हिरवंगार पाणी. भांडी घासायच्या लिक्विडसारखं.

“खरबुजाची लिकर आहे,” एजंट म्हणाला. “मूळची जपान्यांची आयडिया.”

“खरबूज आतून केशरी असतं,” जीवन म्हणाला. “ही हिरवी कशी?”

“त्यांच्याकडचं खरबूज हिरवं असतं, दादा.”

“आणि तुम्ही ते बघून आलात?”

एजंट हसत निघून गेला आणि बाटली कपाटाच्या मागच्या रांगेत गेली. फुकट आलेल्या वस्तूचा जीवनला जास्तच संशय. पण उन्हाळ्यात एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, रस्त्यापलीकडे हातगाडीवर खरबुजं रचलेली होती, आणि त्यांचा वास थेट काउंटरपर्यंत येत होता. त्यानं बाटली काढली आणि चमचाभर चाखली. गोड. नुसती गोड, पोरांच्या औषधासारखी. मात्र त्या गोडामागे कुठेतरी खरबूज होतं. आणि त्याला होडी आठवली. बाप होडीवर खरबूज न्यायचा. भर समुद्रात सुरीनं फोड काढायचा आणि लाटेनं भिजलेल्या हातानंच ती जीवनला द्यायचा. हाताचं खारं पाणी फोडीला लागलेलं असायचं. पोटातलं सगळं बाहेर पडलेलं असताना तेवढीच एक गोष्ट आत टिकायची.

पुढच्या सोमवारी सुट्टीला घरी गेला तेव्हा त्यानं आईकडून बरणीभर जाडं मीठ आणलं. उरणच्या मिठागरातलं, करडं, बोटाला ओलसर लागणारं. मग बरेच दिवस प्रयोग चालले. शेवटी जमलं ते असं: ग्लासच्या काठाला लिंबाची फोड फिरवायची आणि काठ भरड कुटलेल्या मिठात टेकवायचा, पण अर्धाच. खारं हवं त्यानं इकडून प्यावं, नको त्यानं तिकडून. शेकरमध्ये बर्फ, एक लहान पेग खरबुजाची लिकर, अर्धा पेग व्होडका, अख्ख्या लिंबाचा रस. हाताला गारठा बोचेपर्यंत हलवायचं. गाळून ओतायचं, वर सोडा, आणि काठावर काकडीची चकती. उन्हाळ्यात काकडीऐवजी खरबुजाची फोड.

ग्लास दिव्याखाली धरला, की होडीच्या उजव्या अंगाला लावतात त्या हिरव्या दिव्यासारखा दिसायचा. नाव तिथूनच पडलं.

निनाद सबनीस हा तिचा पहिला भक्त. द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरचं वेळापत्रक सांभाळणारा, सुकापुरात फ्लॅट घेतलेला साधा नोकरदार माणूस. दर शुक्रवारी संध्याकाळी यायचा, एकच हिरवी बत्ती घ्यायचा आणि म्हणायचा, “दादा, हिची शाखा मुंबईत काढा.” त्यानं मित्र आणले, मित्रांनी बायका आणल्या. हॉटेलचे मालक आनंदा भोईर यांनी मेन्यूकार्डावर तिचा फोटो छापला. जीवनला तेही आवडलं नाही. फोटो बघून कुणीतरी चोरेल, असं त्याला वाटलं.

यंदाच्या दिवाळीनंतर दोन गोष्टी एकदमच झाल्या. घरी मिठाची काचेची बरणी फुटली, म्हणून आईनं मीठ प्लास्टिकच्या डब्यात भरून दिलं. आणि शेठनी जीवनच्या हाताखाली विचुंब्याची एक मुलगी नेमली. चारुता तिचं नाव. बारटेंडिंगचा कोर्स केलेली, चटपटीत, शेकर हवेत फेकून झेलणारी.

“फेकायचा कशाला?” जीवननं पहिल्याच दिवशी विचारलं.

“लोकांना आवडतं, दादा.”

“लोकांचं लक्ष वर गेलं, की खाली काय होतं ते दिसत नाही,” जीवन म्हणाला.

ती हसली. त्याला तो विनोद वाटला नव्हता.

पुढच्याच शुक्रवारी निनादनं घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. “दादा, आज काहीतरी गडबड आहे. माशासारखा वास येतोय.”

जीवनची मान ताठ झाली. हा माणूस एरवी गमतीनं म्हणायचा, की कोळ्याच्या हातची आहे, चव असणारच. तेव्हा जीवनला बरं वाटायचं. आता त्याच वाक्याची दुसरी बाजू दिसली. “ग्लास धुतलेला आहे साहेब,” तो म्हणाला. “माझे हातपण.”

“अहो, तसं नाही म्हणत मी.” निनाद ओशाळला. अर्धा ग्लास तसाच ठेवून गेला.

जीवननं ग्लास हुंगला. लिंबू, खरबूज, बस्स. बाटली हुंगली, तर तीही ठीक. ‘बोलायचं म्हणून बोलतात,’ तो मनात म्हणाला. पण मग दुसऱ्या टेबलावरून ग्लास परत आला आणि मागोमाग तिसऱ्या. जातीवरून टोमणा मारायला पनवेलभर लोकांनी मीटिंग घेतली असेल, हे जीवनलाही पटेना. म्हणजे बाटलीतच कुणीतरी काहीतरी घालत होतं.

एकदा चारुता काठाला मीठ लावता लावता थांबली. “दादा, हे मीठ जरा बदलून बघू या का?”

“का? मिठाला काय झालं?”

“नाही, म्हणजे... थोडा वास...”

“कसला वास?”

त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिनं पुढचं गिळलं. “काही नाही.”

“माझ्या घरचं मीठ आहे ते. हिरवी बत्ती सुरू झाली तेव्हापासून तेच चाललंय. तू काल आलीस.”

“सॉरी, दादा.”

त्यानंतर ती मिठाबद्दल एक अक्षर बोलली नाही. पण जीवननं बघितलं, की ग्लास ट्रेवर ठेवण्याआधी ती तो हळूच नाकाशी नेते, आणि आपण बघतोय हे कळलं, की नजर चुकवते. एवढ्यावर साध्या माणसालाही शंका आली असती. जीवनची तर खात्रीच झाली.

आनंदाशेठ स्वतः काउंटरवर आले. मूळचे इथलेच आगरी, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण लायसनचा विषय निघाला, की घाबरट. “काय रं जीवन, गिऱ्हाईक काय बोलतंय? मी पन पिऊन बगितली. मला तर काय लागलं नाय.”

“मलाही नाही, शेठ.”

“मग येवढी लोकं खोटी बोलतान काय? बाटलीत कोनतरी हात घालतंय. एक्साइजवाला नमुना घेऊन गेला, तर माज्या हाटेलला टालं. तुज्याकडं चावी हाय, तर तूच शोद. शुक्रवारपर्यंत. नायतर चावी माज्या हातात दे नि घर गाठ.”

पुन्हा तेच. पुन्हा दारूत भेसळ, पुन्हा बोट त्याच्याकडे. यावेळी हाकलला गेला, तर पनवेलमध्ये कुठल्याच काउंटरवर त्याला कुणी उभं करणार नव्हतं.

त्यानं सापळा लावला. हिरव्या बाटलीच्या गळ्याभोवती, झाकणावरून, नायलॉनचं सूत गुंडाळलं आणि जाळं विणताना मारतात तशी गाठ मारली. ती गाठ सोडून पुन्हा तशीच बांधणं करंज्याच्या बाहेरच्या माणसाचं काम नव्हे. सकाळी बघितलं, तर गाठ जशीच्या तशी. आणि संध्याकाळी दोन ग्लास परत आले.

मग त्यानं बर्फावर नजर ठेवली. लिंबं स्वतः आणली. सोड्याचं प्रत्येक झाकण स्वतः उघडलं. चारुता काउंटरच्या ज्या टोकाला जाईल, त्या टोकाला तो फडकं घेऊन पुसायला जायचा.

“दादा, लाकूड झिजेल,” ती एकदा म्हणाली.

“झिजू दे. चोरी तर होणार नाही.”

तिचा चेहरा पडला.

बुधवारी दुपारी तो सोड्याचा क्रेट घेऊन आत आला, तर चारुता पाठमोरी. मिठाची बशी तिनं बेसिनमध्ये उलटी केली होती आणि स्वयंपाकघरातल्या पुडीतलं मीठ तिच्यात ओतत होती.

“काय चाललंय?”

ती दचकली. “सांडलं होतं, दादा. म्हणून...”

सांडलेलं कुठेच काही नव्हतं. ती धडधडीत खोटं बोलत होती. आणि गंमत बघा, त्या संध्याकाळी एकही ग्लास परत आला नाही. जीवनचं गणित चोख सुटलं. पकडली गेली, घाबरली, म्हणून आज काही घातलं नाही. त्यानं शेठना सांगितलं. शेठनी तिला ऑफिसमध्ये बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. शेकर तिचा स्वतःचा होता. तो फडक्यात गुंडाळून तिनं बॅगेत टाकला. जाताना जीवनकडे बघितलंसुद्धा नाही.

‘बघेल कशी,’ जीवन स्वतःशी म्हणाला. मग त्यानं पुडीतलं मीठ फेकून दिलं आणि बशीत घरचं मीठ भरलं.

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी निनाद आला तेव्हा आनंदाशेठ मुद्दाम काउंटरच्या स्टुलावर येऊन बसले होते. जीवननं नवी कोरी हिरवी बाटली आणली, दोघांना सील दाखवलं आणि दोघांसमोर ते तोडलं. लिंबू कापलं, शेकर हलवला. पुढं केलेला ग्लास दिव्याखाली हिरवा पेटला.

निनादनं घोट घेतला. कुणाचं मन मोडायचं नसलं, की माणूस जसा चेहरा करतो तसा त्याचा चेहरा झाला.

“बोला साहेब,” शेठ म्हणाले.

“आहे,” निनाद हळूच म्हणाला. “तोच वास.”

जीवननं बाटलीकडे बघितलं. सील त्यानं तोडलं होतं. चारुता घरी होती. काउंटरवर त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं.

निनादनं काहीतरी बोलायचं म्हणून ग्लास हातात फिरवला आणि दुसऱ्या बाजूनं घोट घेतला. थांबला. पुन्हा फिरवला. पुन्हा घोट. “दादा, इकडून नाही येत.”

“कुठून?”

“ह्या बाजूनं छान आहे. मिठाच्या बाजूनं येतोय.”

जीवन त्या अर्ध्या काठाकडे बघत राहिला. बुधवार आठवला. बुधवारी पुडीतलं मीठ होतं, आणि बुधवारी एकही ग्लास परत आला नव्हता.

त्यानं मिठाची बशी उचलून नाकाशी धरली. मीठ. नुसतं मीठ. बशी शेठच्या नाकाखाली धरली.

“मीठ हाय,” शेठ म्हणाले. “मिठाला कसला वास?”

निनाद एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. “खरंच येत नाही तुम्हाला? अहो, सुक्या बोंबलाचा आहे. स्पष्ट.”

जीवननं त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नेहमीच्या सवयीनं, बारकाईनं. टोमणा नव्हता. तो बिचारा लाजला होता.

फोन लावून जीवन कोपऱ्यात गेला. “आये, मीठ कनच्या डब्यात दिलंस?”

“तो पांढरा डबा नाय का, बोंबलाचा,” पलीकडून कृष्णाबाई म्हणाली. ती बंदराजवळ सुकी मासळी विकायची. “चांगला राखंनं घासलाय नि उन्हात ठेवलाय. का रं? मीठ सरलं?”

“नाय. काय नाय.”

ज्या घरात अंगणातल्या दोरीवर बारा महिने बोंबील वाळतात, त्या घरातल्या नाकाला बोंबलाचा वास येत नाही. शेठच्या घरीही आठवड्यातून चारदा सुकट. साऱ्या काउंटरवर ज्यांना वास येत नव्हता असे हे दोघेच होते, आणि निकाल या दोघांनीच दिला होता.

शेठना ऐकून आधी हसू फुटलं. “च्यायला, येवढंच? मी म्हनलं लायसन जातंय. सोड. माल खराब आला व्हता म्हनून सांगू. एजंटवर ढकल.”

“आणि चारुता?”

“तिचं काय? गेली ती. आता सांगून काय करायचंय?”

जीवनला ती दुपार आठवली. भर बारमधली, सगळे गप्प उभे होते ती. खरं काय ते त्या सगळ्यांनाही ठाऊक होतं. आता सांगून काय करायचंय, असंच कुणीतरी म्हणालं असेल.

त्यानं कमरेची चावी काढली आणि शेठसमोर ठेवली. चावी काउंटरवर पडताच निनादनंही वर बघितलं.

“मीठ माझं होतं, शेठ. वास माझ्या घरचा होता. नाव मी तिचं घेतलं. तिला परत बोलवा, नाहीतर ही घ्या.”

“मला धमकी देतोस व्हय?”

“नाही. शुक्रवारपर्यंत शोधायला सांगितलं होतंत. शोधलं.”

शेठनी चावी बोटांनी इकडून तिकडे सरकवली. मग म्हणाले, “तूच बोलव. आपल्याला सॉरी बोलाया जमत नाय.”

चारुतानं पहिल्यांदा फोन उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला.

“तुला वास येत होता?” जीवननं एकदम विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“मग नीट सांगायचं ना!”

“सांगायला गेले होते. तुमचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.” मग सावकाश म्हणाली, “आमच्या सोसायटीत एका काकूंना मासळीवरून लोक काय काय बोलले होते, ते मी ऐकलंय, दादा. मला त्यांच्यातली एक व्हायचं नव्हतं. म्हणून गुपचूप बदलत होते. तर तुम्ही मला चोर केलंत.”

“उद्या ये,” तो म्हणाला. “शेठसमोर सांगितलंय मी. वेटरांनाही सांगतो.”

“बघते.”

ती आली. शनिवारी दुपारी, शेकर घेऊन. जीवननं सगळ्या वेटरांना काउंटरशी बोलावलं आणि काय झालं ते खाली मान न घालता सांगितलं. ते गेल्यावर त्यानं तिच्यापुढं दोन वाट्या ठेवल्या. दोन्हींत कुटलेलं मीठ.

तिनं डोळे बारीक केले. “हे काय? माझी परीक्षा?”

“परीक्षा नाही. खात्री.”

“तुम्ही सुधारणार नाही.” तिनं एक वाटी हुंगली आणि तोंड वाकडं केलं. “ही घरची.”

त्यानं तिला मागं वळायला लावलं, वाट्या फिरवल्या. तिनं पुन्हा तीच वाटी ओळखली. तिसऱ्यांदा त्यानं दोन्हींत पुडीचंच मीठ भरलं.

“दोन्ही दुकानातली,” ती म्हणाली. “आणि दादा, आता चौथ्यांदा केलंत तर मी खरंच घरी जाईन.”

सोमवारी तो डबा परत करायला करंज्याला गेला. कृष्णाबाई डबा घेऊन अंगणातच उभी राहिली, नाक आत घालून तिनं लांब श्वास घेतला. “कसला रं वास? कोन बोललं? चांगला तर हाय डबा.”

त्यानंही हुंगला. डोक्यावर बोंबील दोऱ्यांवर झुलत होते. मायलेकांना कशाचाच वास येत नव्हता.

“आये, काचंची बरनी आनलीय मी. मीठ हिच्यात दे. मिठागरातलं नवं.”

“पनवेलची लोकं लय नाजूक,” असं पुटपुटत तिनं बरणी भरून दिली.

मंगळवारी चावी शेठच्या हातात होती. ती त्यांनी जीवनपुढं धरली आणि लगेच सोडली मात्र नाही. “चावी तुज्याकडं राहू दे. नाक तिचं वापर.”

जीवननं बरणी कपाटात ठेवली नाही, काउंटरवरही नाही. आधी चारुताच्या हातात दिली. तिनं झाकण काढलं, नाक आत नेलं, डोळे मिटले. मग तशीच उभी राहिली. बराच वेळ.

जीवनची मान हळूहळू ताठ होऊ लागली. मुद्दाम वेळ काढतेय का ही? का खरंच काही लागलंय?

“काय?” शेवटी त्याच्यानं राहवेना.

चारुतानं एक डोळा उघडला. “थांबा, दादा. संशय घ्यायचा, तर नीट घ्यायला नको?”